ऑनलाइन लिलावातील पुरातन बंदुका आणि त्यांची सत्यासत्यता : शिरोळ परिसराच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहाने नागपूरकर भोसल्यांची म्हणून मांडलेली एक तलवार महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांस विकत घेतली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आणली. पाते युरोपीय घडणीचे, म्हणजे ज्यास मराठी कागदपत्रे 'फिरंग' म्हणतात त्या जातीचे आहे. त्यावर राघोजी भोसले सेनासाहेबसुभा हे नाव देवनागरीत सोन्याने कोरलेले आहे. नागपूरच्या गादीवर राघोजी नावाचे तीन पुरुष होऊन गेले. त्यामुळे नुसत्या नावावर न थांबता अक्षरवळण, मुठीची घडण आणि सोनेकाम यांची सांगड घालूनच शस्त्राचा काळ ठरवावा लागतो. मात्र तलवारीवर निदान नाव तरी होते. त्याच बाजारात विकल्या जाणाऱ्या बंदुकांवर सहसा असे नाव नसते. असतो तो एखादा ठसा, एखादे साल आणि विक्रेत्याने जोडलेली चार ओळींची हकीकत.

ऑनलाइन लिलावात वस्तू हाती घेता येत नाही. नळीत डोकावता येत नाही, दस्त्यापासून नळी वेगळी करून खालचे ठसे पाहता येत नाहीत. ग्राहकासमोर असतात ती काही छायाचित्रे व वर्णन. अशा स्थितीत 'ही बंदूक खरी काय?' असा एकच प्रश्न विचारला जातो आणि तेथेच घोटाळ्यास सुरुवात होते. वस्तुतः हे दोन प्रश्न आहेत. वस्तू सांगितल्या काळातील आहे काय, हा पहिला. आणि तिच्याशी जोडलेली व्यक्ती, युद्ध वा गाव यांचा संबंध खरा आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लोखंड व लाकूड देते, दुसऱ्याचे केवळ कागद देऊ शकतो. बनावट बंदूक जाणकाराच्या हाती पडताच बहुधा उघडी पडते. याउलट खऱ्या बंदुकीस चिकटवलेली खोटी हकीकत संग्रहालयाच्या फलकावर, तेथून स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात आणि पुढे शोधनिबंधात शिरते. इतिहासाच्या दृष्टीने अधिक घातक ती हीच होय. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार शिरोळ परिसर, म्हणजे आजचा शिरोळ तालुका आणि त्यास लागून असलेला जुना दक्षिण मराठा मुलूख, यांच्या संदर्भात केला आहे.

शिरोळ परिसर आणि बंदुका

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील हा प्रदेश अठराव्या शतकात करवीरकर छत्रपती आणि पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्यातील चुरशीचे क्षेत्र होता. कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या एका शाखेचे संस्थान आज शिरोळ तालुक्यातच मोडते. परशुरामभाऊ पटवर्धन सप्टेंबर १७९९ मध्ये करवीरकरांशी लढताना पडले ते पट्टणकोडोली येथे, शिरोळपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी. अशा मुलखात गावोगावच्या वाड्यांतून बंदुका असणे स्वाभाविक होते, आणि आजही एखाद्या माळ्यावरून वा देवघराच्या कोनाड्यातून जुनी नळी बाहेर पडली तर त्यात नवल नाही.

या बंदुका कोठून आल्या, याचे एकच एक उत्तर नाही. करवीर राज्यासाठी १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवरील दारूगोळ्याची निगा आणि दारूखान्याची जागा यांविषयी बारकाईने लिहिले आहे, आणि टोपीकर व्यापाऱ्यांविषयी सावधगिरीचा इशाराही दिला आहे. देशी लोहार व सुतार तोड्याच्या बंदुका करीत होते. चकमकीच्या बंदुका बव्हंशी युरोपीय व्यापाऱ्यांकडून येत. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांच्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली इंग्रजी नमुन्याच्या बंदुका घडवल्या जात व एकेक बंदूक अवघ्या दहा रुपयांत पडे, असे तत्कालीन लष्करी साधनांवरून सांगितले जाते. ही बाब महत्त्वाची आहे. इंग्रजी बंदुकीसारखी दिसणारी, परंतु इंग्लंडमधील चाचणीचा एकही ठसा नसलेली बंदूक लिलावात आली की जाणकार तिला झटकन 'नक्कल' म्हणून बाजूस सारतात. ती नक्कल असेलही, पण मराठी कारखान्यात १७९० च्या दशकात झालेली नक्कल आणि गेल्या पन्नास वर्षांत विक्रीसाठी झालेली नक्कल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पटवर्धनांच्या बाबतीत आणखी एक शक्यता संभवते. तिसऱ्या म्हैसूर युद्धात परशुरामभाऊंच्या सैन्याने इंग्रजी तुकडीसह धारवाडच्या किल्ल्यास वेढा घातला आणि एप्रिल १७९१ मध्ये तो टिपूच्या किल्लेदाराकडून घेतला. तेव्हा म्हैसुरी बनावटीच्या बंदुका मिरज, कुरुंदवाड भागात येणे अशक्य नाही. पण 'अशक्य नाही' आणि 'झाले' यांतील अंतर पुराव्याने भरावे लागते. टिपूच्या शस्त्रागारातील बंदुकांना पट्टेरी वाघाच्या नक्षीचे चिन्ह, कळीवरील ठसा आणि मौलूदी सन अशी ओळख असते. सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत पटवर्धन दप्तर प्रसिद्ध केले आहे. एखाद्या घरातील बंदूक धारवाडच्या मोहिमेतील आहे असा दावा असेल, तर तिच्यावरील चिन्हांइतकाच या कागदपत्रांचा धांडोळाही घ्यावा लागेल.

आता या शस्त्रांची वाताहत कशी झाली, ते पाहू. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. सामानगड, भुदरगड व पन्हाळा इंग्रजांनी घेतले व किल्ले निकामी केले. त्यानंतर ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई देशी पायदळातील शिपाई उठले. डिसेंबरात पुन्हा उठाव झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजूर झालेल्या १८५७ च्या २८ व्या कायद्यान्वये शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आले. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये शस्त्रे देण्यास नकार दिला आणि गावावर फौज चालून आली. लढा मोडल्यावर अनेकांना फाशी देण्यात आले. मे १८५८ मध्ये नरगुंदकर बाबासाहेब भावे यांचा उठाव झाला. दक्षिण मराठा मुलखात शस्त्रे गोळा करण्याची ही मोहीम म्हणजे शस्त्रांच्या इतिहासातील मोठा खंड होय. बंदुका सरकारजमा झाल्या, मोडल्या गेल्या, लपवल्या गेल्या वा पुरल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या कोणाच्या, कोठल्या, कोणत्या मोहिमेतल्या, ही माहितीही नष्ट झाली. लिलावाचा बाजार आज नेमकी हीच पोकळी हकिकतींनी भरतो आहे.

'१८५७ ची रायफल'

लिलावाच्या यादीत 'शिपायांच्या बंडातील रायफल' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. बंदुकीच्या कळीवर मुकुट, त्याखाली राणीची आद्याक्षरे, 'टॉवर' हा शब्द आणि १८५७ हे साल असते. छायाचित्र स्पष्ट असते, ठसे अस्सल असतात, बंदूकही बहुधा इंग्लंडातच झालेली असते. तरीही दावा टिकत नाही. त्याची कारणे सविस्तर पाहणे योग्य ठरेल.

प्रथम रायफल म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतील, ज्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, ती रायफल. ज्या नळीचा आतला भाग गुळगुळीत आहे ती केवळ बंदूक. मराठी बोलण्यात दोन्हींना सरसकट बंदूकच म्हटले जाते. लिलावाच्या यादीत मात्र गुळगुळीत नळीलाही सरसकट 'रायफल' म्हटले जाते, कारण त्या शब्दाला किंमत आहे. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ही ०.५७७ इंच व्यासाच्या, तीन खाचांच्या नळीची होती. १८५७ च्या प्रारंभी हिंदुस्थानात तिचे शिक्षण सुरू झाले ते डमडम, अंबाला आणि सियालकोट या केंद्रांवर. देशी पायदळाच्या सर्वसाधारण शिपायाच्या हाती त्या वर्षी टोपीची, गुळगुळीत नळीची जुनी बंदूकच होती. ज्या काडतुसावरून असंतोषाला तोंड फुटले ते काडतूस ज्या रायफलीचे, ती बहुतांश बंडवाल्यांच्या हाती कधी आलीच नव्हती. इतिहासातील हा विरोधाभास शिक्षकांना परिचित आहे, परंतु लिलावाच्या यादीला तो ठाऊक नसतो.

दुसरा मुद्दा अंतराचा. कळीवरील साल हे कळ तयार झाल्याचे असते. बंदूक सैन्यात रुजू झाल्याचे नसते. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी केलेल्या कळी व नळ्या तपासून त्यांची जुळणी व्हायची, मग माल बंदरावर जायचा. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी असा जड माल केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजांतून येई आणि त्यास तीन-चार महिने लागत. यानंतर मुंबईच्या शस्त्रागारातून पलटणीपर्यंतचा प्रवास असे. तेव्हा कळीवर १८५७ हे साल असलेली बंदूक त्याच वर्षी ३१ जुलैस कोल्हापुरात शिपायाच्या हाती असणे जवळजवळ अशक्य आहे. विरोधाभास असा की ग्राहकास सर्वांत मोहवणारे साल हेच दाव्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा ठरते. कळीवर १८४५ असते तर दावा अधिक विश्वसनीय झाला असता. पण त्या सालाला तेवढी किंमत येत नाही.

तिसरा मुद्दा नळीचा. उठावानंतर देशी पायदळास रायफल न देण्याचे धोरण ठरले आणि त्यांच्यासाठी एनफील्डच्याच आकाराची, पण ०.६५६ इंच व्यासाची गुळगुळीत नळी असलेली बंदूक तयार करण्यात आली. बाहेरून पाहता ती एनफील्ड रायफलच वाटते. छायाचित्रावरून दोन्हींतील फरक कळणे कठीण. नळीच्या तोंडाचे समोरून घेतलेले, मोजपट्टीसह छायाचित्र मागितले तरच उलगडा होतो. अशा बंदुकीस 'बंडातील रायफल' म्हणणे म्हणजे दुहेरी चूक होय. ती रायफल नाही आणि बंडातीलही नाही. ती बंडानंतरच्या अविश्वासाची निशाणी आहे. शास्त्रीय दृष्टीने पाहता ही निशाणी अधिक मोलाची. पुढेही देशी सैन्याची शस्त्रे गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी मागे ठेवण्याचा प्रघात राहिला. गोऱ्या सैन्यास मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींकडे स्नायडर होती. त्यामुळे एखाद्या बंदुकीवर देशी पलटणीचा ठसा असेल तर तिच्या नमुन्याचे वर्ष व पलटणीत असल्याचे वर्ष यांतील अंतर तपासावेच लागते.

ठसे, अक्षरे आणि सन

ठसा हा बोलका साक्षीदार आहे, परंतु त्याचीही उलटतपासणी व्हावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या बंदुकांवर चार भागांत विभागलेले हृदयाकृती चिन्ह व त्यात कंपनीची आद्याक्षरे असत. १८०८ पासून त्या जागी मागील पायांवर उभा असलेला, पुढील पायांत मुकुट धरलेला सिंह आला. १८५८ मध्ये कारभार राणीकडे गेल्यावर हा शिक्का नव्याने उमटण्याचे फारसे कारण उरले नाही. सिंह आणि १८६५ हे साल एकत्र असतील तर संशय घ्यावा. लंडनच्या बंदूक कारागीर संघाचे चाचणीचे ठसे आणि १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे वेगवेगळे आहेत. बेल्जियमच्या लिएज शहराचा लंबवर्तुळातील ठसाही वेगळा आहे. त्यावर मुकुट १८९३ पासून येतो. लिएजच्या बंदुका जगभर विकल्या गेल्या व अनेकदा त्यांवर इंग्रजी नावे घातली गेली. तेव्हा कळीवर इंग्रजी नाव आणि नळीखाली लिएजचा ठसा, अशी बंदूक अस्सल असू शकते. फक्त ती इंग्रजी नसते.

ठसा नंतर मारलेला आहे की मूळचा, हे ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. मूळ ठसा धातू नवा असताना मारलेला असतो; पुढे गंज चढला तर तो ठशाच्या आतही चढतो आणि अक्षरांच्या कडा भोवतालच्या पृष्ठभागाइतक्याच झिजतात. नंतर मारलेला ठसा गंजाने पडलेल्या खड्ड्यांना छेदून जातो, त्याच्या कडा तीक्ष्ण राहतात, आतला धातू उजळ दिसतो. चांगल्या प्रकाशात तिरपे घेतलेले छायाचित्र हा फरक दाखवते. ज्या विक्रेत्याकडे असे छायाचित्र नसते किंवा जो ते देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याविषयी निष्कर्ष काढण्यास फार वेळ लागू नये.

खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजी शस्त्रांच्या नकला तयार होत आल्या आहेत. तेथील कारागीर हाताने अप्रतिम काम करतात, परंतु रोमन लिपी न वाचता ती उतरवतात. म्हणून 'एन' हे अक्षर आरशातल्यासारखे उलटे पडते, शब्दातील अक्षर गळते, किंवा राणीच्या आद्याक्षरांखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ नंतरचे साल येते. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा बंदुका हौसेने विकत घेतल्या. अमेरिकेच्या कायद्यात १८९८ वा त्यापूर्वी तयार झालेली बंदूक 'पुरातन' गणली जाते आणि तिच्यावरील निर्बंध शिथिल होतात. त्यामुळे १८९८ च्या आतले साल असणे फायद्याचे ठरले आणि साल घालण्याची कला बहरली. कायद्यानेच खोट्या सालांना बाजारपेठ मिळवून दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठी अभ्यासकास मात्र सर्वाधिक चकवणारी बाब आहे ती देवनागरी अक्षरांची. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन शिलेखान्यातील पन्नास हजारांवर जुनी शस्त्रे दोन अमेरिकी कंपन्यांनी नेपाळकडून एकत्रितपणे विकत घेतली. त्यात ब्राऊन बेस, ब्रन्सविक, एनफील्ड, स्नायडर, मार्टिनी-हेन्री आणि नेपाळमध्येच घडलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. या शस्त्रांवर देवनागरी अक्षरे व आकडे आहेत. पुढील दोन दशकांत ती हातोहात फिरली आणि शिलेखान्याचे मूळ नाव मागे पडत गेले. देवनागरी आकडा पाहिला की ती बंदूक 'मराठ्यांची' म्हणण्याचा मोह होतो. वास्तविक नेपाळी आकड्यांत ५, ८ आणि ९ यांची वळणे मराठी वळणांहून वेगळी असतात. तसेच तेथील सन विक्रम संवताचा असतो. मराठी दप्तरात शके, फसली, सुहूर असे सन येतात. १८५७-५८ म्हणजे शके १७७९ आणि विक्रम संवत १९१४. आकडा १९१४ पाहून कोणी तो इसवी सन समजले, तर बंदूक अर्ध्या शतकाहून अधिक काळाने नवी होते. शके समजले, तर ती इसवी सन १९९२-९३ मधील ठरते. बिकानेरच्या शस्त्रागारातील शस्त्रांवरही टिंबाटिंबांनी कोरलेल्या देवनागरी नोंदी आहेत; त्यांपैकी काही शस्त्रे १६८९ च्या अदवानीच्या विजयानंतर तेथे गेली. म्हणजे दक्षिणेतील शस्त्र, उत्तरेतील नोंद, असाही प्रकार संभवतो. लिपीवरून प्रदेश ठरवण्याची घाई करू नये, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

बदल, दुरुस्ती आणि गंज

जुनी बंदूक जशीच्या तशी राहणे हाच अपवाद. तोड्याच्या बंदुकीला पुढे टोपीची कळ बसवणे, लांब नळी कापून आखूड करणे, दस्ता बदलणे हे वापरातील बदल होत आणि तेही इतिहासाचेच भाग आहेत. एखाद्या इनामदाराने १८६० च्या सुमारास आजोबांच्या तोड्याच्या बंदुकीला नवी कळ बसवली असेल तर ती बंदूक खोटी ठरत नाही. याउलट टोपीच्या बंदुकीला आज पुन्हा चकमकीची कळ बसवून तिला शंभर वर्षे जुनी दाखवणे ही फसवणूक आहे. फरक ओळखण्यासाठी दस्त्यातील कळीची खोबण पाहावी. जुन्या कळीसाठी कोरलेली खोबण नव्या कळीच्या आकाराशी तंतोतंत जुळत नाही, रिकाम्या जागी लाकडाचे तुकडे वा लाखेसारखा पदार्थ भरलेला दिसतो. रंजकाचे छिद्र बुजवून पुन्हा पाडले असेल तर त्याभोवती जोड दिसतो. सोन्या-चांदीची तारकशी ही आणखी एक जागा. सियालकोट आणि गुजरात या पंजाबातील गावी कोफ्तगारीची परंपरा होती, आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर परदेशी गिऱ्हाईक वाढले. साध्या जुन्या नळीवर नंतर केलेली नक्षी त्या काळीही विकली जात होती. ती आजची बनवेगिरी म्हणता येत नाही आणि मूळची सजावटही म्हणता येत नाही.

शिरोळच्या संदर्भात गंजाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सामान्यतः खोल गंज हे वयाचे लक्षण मानले जाते. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, घरांत दिवसेंदिवस पाणी उभे राहिले. अशा पाण्यात बुडालेली, गाळाने भरलेली आणि नंतर उन्हात वाळवलेली नळी काही महिन्यांत शंभर वर्षांचे रूप धारण करू शकते. जुना, स्थिरावलेला गंज काळपट-तपकिरी, घट्ट आणि एकसंध असतो. अलीकडील गंज नारिंगी, भुकटीसारखा आणि ठिकठिकाणी उठलेला असतो. स्क्रूच्या खाचेत व कळीमागे सापडणारा गाळही बरेच सांगून जातो. पूर ओसरल्यावर भांडी घासावीत तशी शस्त्रेही वाळूने वा सँडपेपरने घासली गेली असतील तर ठसे पुसट होतात, आणि पुसट ठसा फसवणुकीचाच म्हणून संशयास पात्र ठरतो. त्यात अन्याय होण्याचा संभव आहे, याची जाणीव परीक्षकाने ठेवावी. खंडेनवमीच्या पूजेत वर्षानुवर्षे लावलेले तेल व हळद-कुंकू यांचा थर मात्र दीर्घकालीन घरगुती वास्तव्याची चांगली खूण ठरू शकतो. तो पुसून 'स्वच्छ' केलेली बंदूक बाजारात अधिक शोभते आणि अभ्यासाच्या दृष्टीने गरीब होते.

ठासणीची बंदूक म्हणजे जुनीच बंदूक, हाही एक समज आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर दिल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका विसाव्या शतकातही देशात तयार होत राहिल्या. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी त्या वापरल्या गेल्या. यंत्रावर कातलेली नळी, एकसारखे आटे असलेले स्क्रू आणि परवान्याचा क्रमांक या खुणा त्यांच्यावर आढळतात. क्रमांक घासून काढलेली अशी बंदूक 'मराठाकालीन' म्हणून मांडली जाते तेव्हा घासलेली जागा हाच पुरावा मानावा.

कागदाची साक्ष

वस्तू खरी असूनही हकीकत कशी डळमळीत राहू शकते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण बंदुकीचे नव्हे, वाघनखांचे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली. त्यांच्यासोबतच्या पेटीवर, ती शिवाजी महाराजांची असून साताऱ्याचे रेसिडेंट असताना ग्रँट डफ यांस पेशव्याच्या मंत्र्याकडून मिळाली, अशा आशयाची नोंद आहे. त्याच नोंदीत मारला गेलेला सरदार मोगल असल्याचे म्हटले आहे. अफजलखान तर आदिलशाहीचा. पेटी लिहिणाऱ्यास मूळ घटना नीट ठाऊक नव्हती, एवढे यावरून दिसते. हीच ती वाघनखे असे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द संग्रहालयाने नमूद केले, आणि कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनीही या दाव्यास जाहीर आक्षेप घेतला. पेटीवरील लेख हा वस्तूविषयीचा नव्हे, पेटी लिहिली गेली त्या काळच्या समजुतीविषयीचा पुरावा असतो. लिलावाच्या यादीतील वर्णनाला तर तेवढीही वयाची प्रतिष्ठा नसते.

टिपूच्या शस्त्रांची विक्री याहून निराळी. २१ एप्रिल २०१५ रोजी बोनहॅम्सने लंडनमध्ये विकलेल्या टिपूविषयक संग्रहास सुमारे ६० लाख पौंड मिळाले. २०१९ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या वंशजांच्या घरी सापडलेली टिपूच्या शस्त्रागारातील चकमकीची बंदूक ६० हजार पौंडांस विकली गेली. येथे श्रीरंगपट्टणची १७९९ ची लूट, लूट नेणाऱ्या अधिकाऱ्याचे घराणे आणि वस्तूवरील म्हैसुरी चिन्हे अशी साखळी उभी राहते. या साखळीच्या नैतिकतेविषयी मतभेद आहेत आणि ते असावेत. परंतु पुराव्याच्या दृष्टीने ती साखळी आहे. दक्षिण मराठा मुलखातील बंदुकांना अशी साखळी क्वचितच लाभते, कारण येथील शस्त्रे लुटीत एका अधिकाऱ्याच्या वाट्यास गेली नाहीत. ती ढिगाने जमा झाली.

कायद्याची बाजूही या चिकित्सेत उपयोगी पडते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू केंद्र सरकार वा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कोणासही देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून परदेशी लिलावात आलेल्या भारतीय बंदुकीच्या विक्रेत्यास ती केव्हा व कशी बाहेर गेली हे विचारणे क्रमप्राप्त आहे. 'जुन्या युरोपीय संग्रहातून' हे उत्तर नव्हे. देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये, कालबाह्य वा पुराणवस्तूमूल्य असलेल्या आणि दुरुस्तीनेही वापरता न येणाऱ्या शस्त्रांना काही सूट आहे. तथापि सूट लागू आहे की नाही हे मालकाने स्वतः ठरवावयाचे नसते. शिरोळच्या एखाद्या कुटुंबास वारशाने आलेली बंदूक समाजमाध्यमावर छायाचित्र टाकून विकण्याचा विचार सुचलाच, तर त्याआधी ती कोणत्या परवान्यावर होती हे पाहणे त्याच्याच हिताचे आहे. गंमत अशी की जुना परवाना हाच पुष्कळदा त्या बंदुकीच्या वास्तव्याचा एकमेव खरा कागद असतो. ब्रिटिश हिंदुस्थानचा १८७८ चा शस्त्र कायदा संस्थानी मुलखास आपोआप लागू नव्हता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत येथील नोंदी दरबारी कागदांत होत्या, कुरुंदवाडच्या कुरुंदवाडकरांच्या दप्तरात. हे दोन्ही मुलूख एकमेकांत गुंतलेले असल्याने नोंद कोणत्या दप्तरात शोधावी, हे गाव पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते यावरून ठरते. विक्रेत्यास हे ठाऊक नसते. स्थानिक महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकास ते ठाऊक असू शकते.

समजा, तालुक्यातील एका घरातून एक बंदूक महाविद्यालयाच्या संग्रहासाठी आली. कळीवर मुकुट, 'टॉवर' आणि १८५९ हे साल आहे. नळी आतून गुळगुळीत, व्यास ०.६५६ इंच, दस्त्यास तडे, कळीमागे गाळ. घरातील वडीलधारी मंडळी ती सत्तावनच्या बंडात पणजोबांनी वापरल्याचे सांगतात. तिच्या फलकावर 'इंग्लंडमध्ये तयार झालेली, कळीवर १८५९ हे साल असलेली, देशी पायदळासाठीच्या नमुन्याची गुळगुळीत नळीची बंदूक. शिरोळ तालुक्यातील घरातून प्राप्त. पुराने बाधित' एवढे लिहिता येते. पणजोबांची आठवण कोणी, केव्हा सांगितली हे टिपून ती नोंदवहीत स्वतंत्र ओळीत ठेवावी लागते.